दादर स्थानक : दोन कंपन्या, एक नाव

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण लेखकांची नावे घेतो, नियतकालिकांची वर्षे देतो, वादांची नोंद करतो. वाचक मात्र या इतिहासात बहुधा अमूर्तच राहतो. तो कोठून आला, पुस्तक घेऊन कोठे गेला, नाटक संपल्यावर घरी कसा पोचला, हे प्रश्न वाङ्मयबाह्य मानून आपण बाजूला ठेवतो. पण विसाव्या शतकातील मुंबईच्या मराठी वाचकापुरते बोलायचे तर या प्रश्नांचे उत्तर एका शब्दात देता येते : लोकलने. आणि लोकल म्हटले की दादर आले. मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेंचा प्रवासी ज्या एका ठिकाणी उतरून बाजू बदलतो, ते हे स्थानक. त्याचा इतिहास दोन प्रकारांनी सांगितला जातो. एक, कंपन्या, रूळ, वीज आणि फलाट यांचा. दुसरा, 'सांस्कृतिक दादर' या हळव्या शब्दप्रयोगाभोवती गुंफलेला. पहिल्यात माणसे नसतात आणि दुसऱ्यात सगळी माणसे नसतात. हे दोन्ही इतिहास एकत्र वाचून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. मराठीत 'दादर' म्हणजे जिना. जुन्या घरांत माडीवर नेणाऱ्या लाकडी पायऱ्या. या भागाला हे नाव नेमके कशामुळे पडले, याविषयी तर्क बरेच आहेत. पण शब्दाचा अर्थ मात्र निःसंदिग्ध आहे. मुंबईच्या सात बेटांपैकी माहीमच्या बेटाचा हा दक्षिणेकडचा भाग. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांनी येथे साल्व्हासाँव या नावाचे चर्च उभारले. आजही लोक त्याला 'पोर्तुगीज चर्च' म्हणूनच ओळखतात. माडांच्या वाड्या, भातखाचरे आणि कोळ्यांची वस्ती असा हा प्रदेश एकोणिसाव्या शतकात शहराच्या बाहेरचा होता. कोटातल्या किंवा गिरगावातल्या माणसाला दादर हे गावच वाटत असणार.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, तीन इंजिने आणि एकवीस तोफांची सलामी, हा तपशील शाळकरी पुस्तकांमुळे आपल्याला पाठ असतो. ही गाडी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'जी. आय. पी.'ची. इंग्लंडात स्थापन झालेली ही खासगी कंपनी. भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने घेतलेली. भायखळ्यावरून शीवकडे जाताना तिचे रूळ दादरच्या पूर्वेच्या अंगाने गेले. दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. शहराकडे कुतूहलाने आणि तपशिलाने पाहणारे मराठीतले हे पहिले मोठे पुस्तक. त्यात रेल्वेला स्थान मिळावे हे स्वाभाविकच होते. शहराचे वर्णन करायचे तर आगगाडी वगळून चालणार नाही, ही जाण मराठी गद्याला इतक्या लवकर आली, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

दुसरी कंपनी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, 'बी. बी. सी. आय.'. ती १८५५ मध्ये स्थापन झाली आणि तिने काम मुंबईकडून आरंभ न करता गुजरातेतून केले. तिचे रूळ उत्तरेकडून खाली उतरत १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आले. १२ एप्रिल १८६७ रोजी या मार्गावर विरारहून बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. सकाळी एक शहराकडे आणि संध्याकाळी एक परत, एवढीच तेव्हाची उपनगरी सेवा. खार, पार्ले ही आज गर्दीने ओसंडणारी नावे तिच्या थांब्यांच्या यादीत नव्हती. दादर मात्र होते. अर्थात इंग्रजी कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे, काहीशा वेड्यावाकड्या रूपात.

याप्रमाणे एकाच गावाच्या अंगावरून दोन कंपन्यांचे रूळ जवळजवळ समांतर गेले. दोघींच्या तिजोऱ्या वेगळ्या, तिकिटे वेगळी, माणसे वेगळी. दोघींनी आपापले स्थानक बांधले आणि दोघींनी त्याला एकच नाव दिले. दादर हे एक स्थानक आहे असे आपण सवयीने म्हणतो. वस्तुतः ती शेजारी शेजारी उभी असलेली दोन स्थानके आहेत आणि त्यांना जोडते ते केवळ पुलाने. रूळ इतके जवळ असूनही ते एका व्यवस्थेत आले नाहीत, याचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या कंपन्यांच्या भागभांडवलात आहे.

रेल्वेने वेळही बदलली. मुंबईची स्थानिक वेळ मद्रासच्या वेळेपेक्षा सुमारे अर्ध्या तासाने मागे होती आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे. म्हणजे घरातले घड्याळ एक वेळ दाखवी आणि स्थानकावरचे दुसरी. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी 'बॉम्बे टाइम' मुंबई महापालिकेच्या कारभारात १९५५ पर्यंत टिकून राहिला. आपल्या मराठी कथा-कादंबऱ्यांतली 'आठ-सतराची गाडी' ही जी मिनिटांच्या हिशेबाची भाषा आहे, तिच्यामागे हा संघर्ष आहे. सूर्य आणि देवळातली घंटा यांच्याऐवजी वेळापत्रक प्रमाण मानायला एक संपूर्ण समाज शिकला, तो अशा स्थानकांवर शिकला.

दादरचे खरे नशीब पालटले ते मात्र प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. शहर सोडून जाणाऱ्यांनी गाड्या भरल्या. स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. ज्या रेल्वेने माणसे शहरात आणली तीच आता त्यांना बाहेर नेत होती आणि रोगही तिच्याच वाटेने पसरत होता. दाटीवाटीची वस्ती हेच रोगाचे मूळ, असे निदान करून सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टने उत्तरेकडच्या मोकळ्या जमिनींवर ज्या योजना आखल्या त्यांत दादर-माटुंग्याची योजना महत्त्वाची होती. रुंद रस्ते, मर्यादित उंचीच्या इमारती, मधे बागा. पुढे हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी म्हणून प्रसिद्ध झालेली वस्ती हिचे फळ. रुळांच्या पश्चिमेला १९२५ मध्ये खुले झालेले मैदान १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, 'शिवाजी पार्क' झाले आणि त्याभोवती मराठी मध्यमवर्गाची नवी वसाहत उभी राहिली. गिरगावातील चाळींतून थोडा अधिक पगार, थोडे अधिक शिक्षण आणि थोड्या अधिक उजेडाची अपेक्षा घेऊन माणसे दादरला आली.

ती येऊ शकली, कारण परत जाता येत होते. कचेरी कोटातच होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही हार्बर मार्गावरची गाडी विजेवर धावली; भारतातली ती पहिली विजेची रेल्वे. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा-बोरिवली मार्गावरही वीज आली. वाफेच्या इंजिनाला थांबायला आणि पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो. विजेच्या गाडीला तो फार कमी लागतो. म्हणून जवळजवळची स्थानके घेत, थोड्या थोड्या मिनिटांनी गाड्या सोडणे शक्य झाले. ज्याला आपण आज 'लोकल' म्हणतो ती या तांत्रिक बदलातून जन्मली. याच सुमारास रुळांवरून जाणारा टिळक पूल झाला आणि पूर्व व पश्चिम दादर गाड्यांना न अडवता एकमेकांकडे जाऊ-येऊ लागले.

परंतु दादरच्या या चित्रात केवळ कारकून आणि शिक्षक बसवले तर ते खोटे होईल. दक्षिणेला लागूनच परळ, लालबाग, नायगाव, कापडगिरण्यांचा मुलूख. दोन्ही रेल्वेंचे कारखाने परळ, माटुंगा, लोअर परळ या परिसरात. नायगावच्या बी. डी. डी. चाळी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांतल्या. एका खोलीत संसार आणि कित्येकदा गावाकडून आलेली आणखी चार माणसे. शिवाजी पार्कचा दिवाणखाना आणि नायगावची खोली यांच्यामध्ये अंतर फार नव्हते, पण रूळ होते. फलाट हे या दोघांना निदान काही मिनिटे एकत्र उभे करणारे ठिकाण होते. पहाटे वसईकडून फुलांच्या टोपल्या आणि भाजी घेऊन उतरणारे बागायतदार, दुपारच्या आत डब्यांची अदलाबदल करणारे डबेवाले, संध्याकाळी बाजारातून पिशव्या भरून गाडी पकडणाऱ्या नोकरदार बायका, या सर्वांचे दादर हे स्थानकाच्या पायऱ्यांशीच असते. फुलबाजार स्थानकाला लागून का आहे, याचे उत्तर वेळापत्रकात आहे. पहिल्या गाडीने आलेले फूल सूर्य वर यायच्या आत विकले जायला हवे.

याच रेषेवरून मराठी ग्रंथव्यवहार आणि रंगभूमी उत्तरेकडे सरकली. एकोणिसाव्या शतकात मराठी मुद्रणाचे, नाटकाचे केंद्र गिरगाव होते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ते दादरला आले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे मुख्य ठाणे पूर्वेला, नायगावच्या बाजूस. पश्चिमेला १९६५ मध्ये शिवाजी मंदिर नाट्यगृह सुरू झाले. पुस्तकांची दुकाने स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांच्या आत आली. हे अंतर महत्त्वाचे आहे. ठाण्याचा किंवा बोरिवलीचा वाचक खास पुस्तकासाठी शहरात जाईलच असे नाही; पण गाडी बदलण्यासाठी त्याला दादरला उतरावेच लागते आणि एक गाडी सोडली तर दुकानात डोकावता येते. मराठी पुस्तकाच्या खपाचे अर्थशास्त्र असे एका सोडलेल्या गाडीवर उभे होते, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती ठरू नये.

नाटकाचे तर बोलायलाच नको. संगीत नाटके रात्र रात्र चालत, तेव्हा प्रेक्षक चालत घरी जाण्याच्या अंतरावर राहत असे. साडेआठला पडदा वर जाणाऱ्या प्रयोगाला मात्र कल्याणचा आणि विरारचा प्रेक्षक हवा असेल, तर शेवटची लोकल हीच नाटकाची खरी भरतवाक्ये ठरवणार. मराठी नाटकाची लांबी घटण्यामागे अभिरुचीतील बदल, चित्रपटाचा परिणाम, दोन अंकी रचनेचा स्वीकार ही कारणे आपण शिकवतो आणि ती खरीच आहेत. त्यांच्या जोडीला रेल्वेच्या वेळापत्रकालाही एक ओळ द्यायला हरकत नसावी.

या संदर्भात छबिलदासचा उल्लेख अपरिहार्य आहे. स्थानकाच्या पश्चिमेला, बाजाराच्या गजबजाटात असलेल्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात समांतर रंगभूमीला घर मिळाले. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या 'आविष्कार'ने, जी १९७१ मध्ये स्थापन झाली होती, येथे प्रयोगांचा सातत्याचा उपक्रम चालवला. इतर संस्थांनाही हे व्यासपीठ मिळाले. आपण 'छबिलदास चळवळ' म्हणतो तेव्हा तिच्या आशयाची, प्रयोगशीलतेची चर्चा करतो. पण हा प्रयोग शहराच्या दुसऱ्या एखाद्या कोपऱ्यातल्या शाळेत झाला असता तर त्याला तोच प्रेक्षक मिळाला असता काय? प्रायोगिक नाटकाला प्रेक्षक मोजकाच असतो आणि तो शहरभर विखुरलेला असतो. असा विखुरलेला मोजका प्रेक्षक एका खोलीत आणायचा तर ती खोली दोन्ही रेल्वेंच्या सांध्यावरच असायला हवी. छबिलदासच्या यशाचा काही वाटा त्याच्या पत्त्याला द्यावा लागेल.

येथवरचा इतिहास 'सांस्कृतिक दादर'च्या चौकटीत सुखाने बसतो. पुढचा बसत नाही आणि म्हणूनच तो सांगणे अधिक अगत्याचे आहे.

रेल्वेने भारतात सामाजिक समता आणली, असे एक विधान एकोणिसाव्या शतकापासून केले जाते. त्यात तथ्य आहे. रेल्वे कंपन्यांनी पैशावरून वर्ग पाडले. हिंदी प्रवाशांसाठी जातवार डबे पाडले नाहीत. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर कोणाच्या शेजारी कोण बसेल हे तिकीट ठरवू लागले. पण फलाटावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' निराळे राहिले आणि गाडीतून उतरल्यावर जात पुन्हा भेटत असे. या अनुभवाचे सर्वांत निर्विकार आणि म्हणूनच सर्वांत भेदक निवेदन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजीत लिहून ठेवलेल्या आत्मपर टिपणांत सापडते. १९०१ च्या सुमाराचा प्रसंग. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्थानकावर उतरतात. कपडे नीटनेटके, म्हणून स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करतो. मुले महार आहेत हे कळताच तो मागे सरतो. गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होत नाहीत. अखेर दुप्पट भाडे घेऊन, मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर एक जण तयार होतो. स्थानक ही आधुनिकतेची वास्तू आहे, असे आपण सहज म्हणून जातो. मसूरच्या फलाटावर ती आधुनिकता किती पावलांपर्यंत पोचली होती, हे या टिपणांतून कळते.

त्या मुलांपैकी एकाने पुढे दादरच्या पूर्वेला, हिंदू कॉलनीत, १९३० च्या दशकाच्या आरंभी घर बांधले. 'राजगृह' हे त्याचे नाव आणि ग्रंथसंग्रह हे त्याच्या रचनेचे एक मुख्य प्रयोजन. मुंबईतील मराठी ग्रंथसंस्कृतीविषयी बोलताना दादरच्या पुस्तकांच्या दुकानांची, ग्रंथालयांची नावे भराभर घेतली जातात. एका माणसाने पुस्तकांसाठी बांधलेले हे घर स्थानकापासून काही मिनिटांवर असूनही त्या यादीत क्वचितच येते, याचा विचार आपण करायला हवा.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत निधन झाले. पार्थिव मुंबईत राजगृहात आणले गेले आणि ७ डिसेंबरला लाखो लोकांच्या साक्षीने दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. राजगृह रुळांच्या पूर्वेला आणि चौपाटी पश्चिमेला. ती अंत्ययात्रा रेल्वेची रेषा ओलांडून समुद्राकडे गेली. तेव्हापासून दर वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विदर्भातून, मराठवाड्यातून, राज्याबाहेरून माणसे चैत्यभूमीकडे येतात. ज्यांनी एरवी मुंबई पाहिलेली नसते अशा असंख्य माणसांच्या दृष्टीने मुंबई म्हणजे दादर स्थानक आणि तेथून समुद्रापर्यंतची पायवाट. रेल्वे जादा गाड्या सोडते, फलाटांवर वेगळी व्यवस्था करते. आणि मैदानात पुस्तकांचे गाळे लागतात. पुस्तिका, चरित्रे, भाषणांचे खंड, कविता, गाण्यांची चोपडी, दिनदर्शिका यांची त्या दोन-तीन दिवसांत होणारी विक्री मराठी ग्रंथव्यवहारातील एक मोठी घटना आहे. दिवाळी अंकांवर प्रबंध होतात; सहा डिसेंबरच्या या वाचकावर त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले आहे. हा वाचक पुस्तक गाडीतून घरी नेतो, ते पुस्तक गावात हातोहात फिरते आणि साहित्याच्या रूढ पाहणीत त्याची नोंद होत नाही.

१९५८ मध्ये दलित साहित्याचे पहिले संमेलन दादरच्या बंगाली हायस्कूलमध्ये झाले. उद्घाटक होते अण्णा भाऊ साठे. वाटेगावहून मुंबईला ते लहानपणी वडिलांबरोबर पायी आले होते. गाडीभाड्याचे पैसे नव्हते. रेल्वे सर्वांसाठी असते, पण तिकीट काढू शकणाऱ्या सर्वांसाठी. जो मुलगा गाडीने येऊ शकला नाही, त्याने पुढे लेखक होऊन गिरणगावाला आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला मराठी साहित्यात आणले आणि त्या साहित्याच्या संमेलनाचे उद्घाटन दादरला केले. छबिलदासचे सभागृह पश्चिमेला आणि ही शाळा पूर्वेला. आपल्या वाङ्मयेतिहासात मात्र या दोन ठिकाणांमधला पूल अजून पुरेसा रुंद झालेला नाही.

स्वातंत्र्यानंतर कंपन्या गेल्या. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य आणि पश्चिम असे दोन रेल्वे विभाग अस्तित्वात आले. पण जुन्या दोन कंपन्यांची सीमारेषा दादरमध्ये तशीच राहिली. दोन्ही बाजूंचे फलाट स्वतंत्रपणे एक क्रमांकापासून मोजले जात. त्यामुळे 'एक नंबरवर भेट' एवढ्या निरोपाने दोन माणसे दोन वेगवेगळ्या ठिकाणी उभी राहत. नवख्या प्रवाशाची तर फारच तारांबळ उडे. अखेर ९ डिसेंबर २०२३ पासून फलाटांना सलग क्रमांक देण्यात आले. पश्चिम रेल्वेचे एक ते सात कायम राहिले आणि मध्य रेल्वेचे आठ ते चौदा झाले. दोन कंपन्यांनी बांधलेली दोन स्थानके निदान मोजणीत एक व्हायला एकच सरकार दोन्हींचे मालक झाल्यानंतरही बहात्तर वर्षे लागली.

ही बाब केवळ गमतीची नाही. दोन रेल्वेंना जोडणारा पूल कोणाचा, त्याच्या रुंदीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न किती जीवघेणा असू शकतो, हे दादरच्या शेजारीच दिसले. परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही अशीच दोन रेल्वेंची जोडस्थानके. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात त्यांच्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे मरण पावली. गिरण्या गेल्या होत्या, त्यांच्या जागी उंच कचेऱ्या आल्या होत्या, उतरणाऱ्यांची संख्या कितीतरी वाढली होती. जिना तेवढाच होता. पुढच्या वर्षी लष्कराच्या मदतीने बांधलेला नवा पूल खुला झाला आणि एल्फिन्स्टन रोडचे 'प्रभादेवी' झाले. नाव बदलायला लागणारी शक्ती आणि जिना रुंद करायला लागणारी शक्ती यांची तुलना वाचकाने स्वतःच करावी.

दादरहून लांब पल्ल्याच्याही गाड्या सुटतात. त्यांपैकी एक साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. दादर-सावंतवाडी राज्यराणी एक्स्प्रेसचे नाव २०१७ मध्ये, केशवसुतांच्या शतकोत्तर सुवर्णजयंतीच्या निमित्ताने, 'तुतारी एक्स्प्रेस' असे करण्यात आले. कवितेचे नाव गाडीला मिळणे ही दुर्मीळ गोष्ट. केशवसुत मालगुंडचे, मुंबईत प्लेग आल्यावर त्यांनी शहर सोडले आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगनेच त्यांचे निधन झाले. ज्या साथीने त्यांना मुंबईतून बाहेर काढले तिच्यामुळेच नवे दादर वसले आणि तेथून त्यांच्या कवितेच्या नावाची गाडी त्यांच्या कोकणाकडे सुटते, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. गिरणगावातल्या कोकणी माणसाला गावी नेणारी रेल्वे आली तेव्हा गिरण्या जवळजवळ संपल्या होत्या. १९८२ च्या संपानंतर तो कामगार उपनगरांत आणि त्याही पलीकडे पांगला. त्याची स्वस्त दादर-रत्नागिरी पॅसेंजरही करोनाच्या साथीनंतर दादरऐवजी दिव्याहून सोडण्यात येऊ लागली. गावी जायला दादरला यावे लागणे ही त्याची गैरसोय नव्हती. दादरशी उरलेला तो एक धागा होता.

वाचकाचेही तसेच झाले. मराठी वाचक आज दादरला राहत नाही. तो डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेल येथे राहतो. नाट्यगृहेही त्याच्यामागून ठाण्याला, डोंबिवलीला, पार्ल्याला गेली. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि सर्वसामान्य प्रवाशांसाठी ती दीर्घकाळ बंदच राहिली. तेव्हा हे प्रथमच स्पष्टपणे कळले की 'दादर हे मराठी संस्कृतीचे केंद्र' या वाक्यातील केंद्र म्हणजे तेथील वस्ती नव्हे. दुकाने जागेवर होती, नाट्यगृहे जागेवर होती, ग्रंथालय जागेवर होते. फक्त गाडी नव्हती. आणि गाडी नव्हती म्हणून केंद्रही नव्हते.

दादर स्थानकाला चैत्यभूमीचे नाव द्यावे अशी मागणी अनेक वर्षे होत आहे. तिच्या बाजूने आणि विरुद्ध बोलले जाते; येथे त्या वादाचा निवाडा करण्याचे कारण नाही. पण त्या वादात 'दादरचा इतिहास' म्हणून जे पुढे केले जाते त्यात काय येते आणि काय वगळले जाते, हे पाहणे मात्र अभ्यासकाचे काम आहे. शिवाजी पार्क, नाट्यगृह, पुस्तकांची दुकाने, बाजार हे जसे या स्थानकाने घडवले, तसेच राजगृह ते चौपाटी हा रस्ता, बंगाली शाळेतले संमेलन आणि दर डिसेंबरला उतरणारा तो वाचक हेही याच स्थानकाच्या इतिहासाचे घटक आहेत. एकाला 'संस्कृती' आणि दुसऱ्याला 'गर्दी' म्हणण्याची जी सवय आपल्या लेखनाला लागली आहे ती रेल्वेने लावलेली नाही. रेल्वेच्या हिशेबी ते सगळे प्रवासीच आहेत.

वाङ्मयाचा इतिहास शिकवणाऱ्यांनी एखादा तास वर्गात मुंबईचा रेल्वे-नकाशा लावून घ्यावा. त्यावर ग्रंथालये, नाट्यगृहे, संमेलने, छापखाने आणि लेखकांची घरे मांडावीत. राजगृह, नायगावच्या चाळी आणि चैत्यभूमीही मांडाव्यात. मग या सगळ्या ठिकाणांवरून दादरला पोचायला किती पायऱ्या चढाव्या लागतात, हे विद्यार्थ्यांनाच मोजू द्यावे.